फिट आली तेव्हा नेमकं काय दिसलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बहीण 19 वर्षांची, नागपुरात होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. दोन महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना खाली पडली, अंग ताठ झालं, मग हातपाय झाडले, जीभ चावली, पुढचा अर्धा तास ती भानावर नव्हती. सीटी स्कॅन नॉर्मल, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) नॉर्मल. फेनिटॉइनची गोळी सुरू आहे. मोठी फिट पुन्हा आलेली नाही, पण सकाळी हातातून कप, कंगवा उडतो. हे आधीही अधूनमधून व्हायचं, आता वाढलंय. आजी म्हणते बाहेरचं आहे, मामा म्हणतात मुंबईला दाखवा, आणि आईला जाणून घ्यायचंय की गोळ्या जन्मभर खाव्या लागतील का.

तुम्ही रिपोर्टबद्दल पानभर लिहिलंत आणि कप उडतो हे जाता जाता सांगितलंत. माझ्या दृष्टीने निदान त्या कपातच आहे.

तिला एवढं विचारा. हे हिसडे उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातच जास्त येतात का? खांद्यापासून, विजेचा धक्का बसल्यागत, बहुतेक वेळा दोन्ही हातांना? त्या वेळी ती पूर्ण शुद्धीत असते का? रात्री जागरण झालं की दुसऱ्या सकाळी वाढतात का? आणि पडली त्या दिवशी, पडण्याच्या आधी हात दोन-चारदा उडाले होते का? उत्तरं 'हो' असतील तर हा बहुधा जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी नावाचा प्रकार आहे. तो साधारणपणे 12 ते 18 या वयात सुरू होतो. डोक्यात गाठ-बीठ काही नसते, त्यामुळे स्कॅन नॉर्मलच येतो. मुलं स्वतःहून या हिसड्यांबद्दल बोलत नाहीत. त्यांना वाटतं झोप झाली नाही म्हणून होतंय, आणि घरच्यांना वाटतं पोरगी धसमुसळी आहे. ओपीडीत मी अशा मुलीला नुसतं विचारत बसत नाही. तिच्या हातात पेन देतो आणि म्हणतो, ब्रश करताना काय होतं ते करून दाखव. ती खांदा झटकन उडवते, पेन टेबलाच्या पलीकडे जाऊन पडतं, आणि शेजारी बसलेली आई म्हणते, "डॉक्टरसाहेब, हे तर दहावीपासून आहे न!" फाइलवर मात्र 'पहिलीच फिट' असं लिहून झालेलं असतं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की फेनिटॉइन हे जुनं, स्वस्त आणि अनेक प्रकारांत उत्तम औषध असलं तरी या प्रकारात ते हिसडे वाढवू शकतं. कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिनचंही तसंच. सरसकट 'फिटची गोळी' अशी काही चीज नसते. आधी प्रकार ठरतो, मग गोळी ठरते. पण हे वाचून आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. फिटची कुठलीही गोळी एकदम थांबवली तर लागोपाठ फिट येऊ शकतात. नवीन औषध सुरू करून जुनं हळूहळू उतरवायचं असतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आता प्रकारांकडे येतो, कारण तुम्हाला जे दिसलं ते डॉक्टरांना कसं सांगायचं हे त्यावरच ठरतं. पहिला प्रश्न असतो, फिट मेंदूच्या एका भागातून सुरू झाली की एकदम दोन्ही बाजूंनी? एका भागातून सुरू होणारीला फोकल म्हणतात, दुसरीला जनरलाइज्ड. फोकल फिटमध्ये माणूस शुद्धीत असू शकतो किंवा हरवल्यासारखा होतो, आणि कधीकधी तीच पसरत जाऊन अंगभर झटके येतात. घरच्यांना शेवटचा भाग तेवढा आठवतो, कारण तो भीतीदायक असतो. आम्हाला हवे असतात ते त्याच्या आधीचे दहा सेकंद. मान कुठल्या बाजूला वळली, कुठला हात आधी ताठ झाला, आधी पोटातून काही वर चढल्यासारखं वाटलं का, नसलेला वास आला का.

शुद्ध हरपणारी फोकल फिट कशी दिसते ते सांगतो, कारण हा प्रकार वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, काटोलकडचा संत्र्याचा बागायतदार कळमना मार्केटमध्ये भाव करतोय. बोलता बोलता थांबतो. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. ओठ चाटल्यासारखे, काही चघळल्यासारखे करतो, डाव्या हाताने शर्टाची गुंडी चाचपत राहतो. मिनीट-दीड मिनिटाने पुन्हा बोलायला लागतो, पण वाक्य जुळत नाही, आणि आपण थांबलो होतो हेच त्याला ठाऊक नसतं. व्यापारी म्हणतो, भाऊ विचारात पडले. बायको म्हणते, यांना तंद्रीच लागते. कधी हाच माणूस लहानपणी तापात खूप वेळ फिट आली होती असं सांगतो, आणि एमआरआयमध्ये कानशिलाच्या आतल्या बाजूला असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आकसलेला सापडतो. तेव्हा एक धागा पूर्ण होतो. अशा रुग्णाला फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं बरोबर लागू पडतात. तुमच्या बहिणीला जी गोळी चालत नाही, तीच याला चालते.

लहान मुलांतली ॲबसेन्स फिट याच्याशी गल्लत होण्यासारखी दिसते, पण असते वेगळी. चार ते दहा वर्षांचं मूल, पाच-दहा सेकंद एकटक पाहतं, पापण्या किंचित फडफडतात, आणि लगेच जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. नंतर गोंधळ नाही. दिवसातून कितीतरी वेळा. शाळेतून 'लक्ष नसतं' अशी तक्रार येते आणि पोट्टं मार खातं. दोन-तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावलं की खोलीतच आमच्यासमोर ही फिट येते, ईईजीवर सेकंदाला तीनच्या लयीत ठरावीक लाटा दिसतात, आणि निदान तिथल्या तिथे होतं. इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट द्यायचं, कार्बामाझेपिन टाळायचं.

आणखी एक प्रकार इथेच सांगून ठेवतो, कारण त्यात उशीर परवडत नाही. तीन महिने ते एक वर्षाचं बाळ, झोपेतून उठल्यावर एकामागून एक असं अंग दुमडतं, मान पुढे टाकतं, हात पसरतं, दोन सेकंद थांबतं, पुन्हा तेच. घरात ग्राइप वॉटर दिलं जातं, पोट दुखतंय म्हणून. ही इन्फंटाइल स्पाझम असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच आठवड्यात बालमेंदूतज्ज्ञांना दाखवा. उपचार सुरू व्हायला जितका उशीर होईल तितका मुलाच्या वाढीवर परिणाम होतो.

तापात येणारी फिट मात्र लोक समजतात तितकी गंभीर नसते. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, तापात एकदा, सर्वांगाला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेली फिट म्हणजे मिरगी नाही, आणि त्यासाठी रोजची गोळी लागत नाही. पण मूल फिटनंतर शुद्धीवर येत नसेल, मान ताठ असेल, उलट्या होत असतील, तर मेंदूज्वर नाही ना हे तातडीने पाहावं लागतं. चंडीपुरा विषाणू 1965 साली आपल्या नागपूरजवळच सापडला, नावही इथल्या गावाचंच. सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशीमार्फत तो पसरतो आणि लहान मुलांमध्ये ताप, फिट, बेशुद्धी हे सगळं काही तासांत होऊ शकतं. सकाळी पाहू म्हणून रात्र काढू नका.

फिट नसलेल्या फिटही बऱ्याच असतात. लाइनीत उभा असलेला मुलगा, ऊन, उपाशीपोट. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, पांढराफटक चेहरा, आणि खाली. पडल्यावर पाच-सात सेकंद हात उडतात, आणि बघणारा सांगतो 'फिट आली'. पण तो अर्ध्या मिनिटात उठून विचारतो, काय झालं? ही साधी भोवळ. फिटनंतर माणूस इतक्या लवकर सावरत नाही. दहा-वीस मिनिटं गुंगी, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं, जिभेची कड चावलेली असते. कडेला चावणं हे फिटच्या बाजूने वजनदार लक्षण आहे, जिभेचं टोक चावलं तर तितकं नाही. भोवळ जर पळताना किंवा खेळताना आली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर संशय हृदयावर. म्हणून पहिल्या फिटनंतर प्रत्येकाचा ईसीजी काढायला हवा, आणि नेमका तोच राहून जातो. तुमच्या बहिणीचा काढला का, ते फाइलमध्ये बघा.

काही फिट मनावरच्या ताणातून येतात. डोळे घट्ट मिटलेले, मान या बाजूने त्या बाजूला, झटके मध्येच थांबून पुन्हा सुरू, असं दहा-वीस मिनिटं. ते नाटक नसतं, त्या व्यक्तीच्या हातात ते नसतं, आणि त्याला अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोगही नसतो. मानसोपचाराचा होतो. घरच्यांनी 'सोंग करते' म्हटलं की त्या वाढतात.

आता तपासण्या. ईईजी नॉर्मल म्हणजे फिट नाही, असा अर्थ नसतो. अर्ध्या तासाच्या साध्या ईईजीत फिटचा आजार असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये काहीच सापडत नाही, कारण मेंदू त्या अर्ध्या तासात शांत असतो. तुमच्या बहिणीचा ईईजी दुपारी, पूर्ण झोप झालेली असताना काढला असेल, तर तो नॉर्मल आला यात नवल नाही. रात्री कमी झोपवून, सकाळी लवकर, जागेपणी आणि झोपेत, डोळ्यांपुढे प्रकाशाची उघडझाप करून काढलेला ईईजी तिला हवा. या उलट, कधीच फिट न आलेल्या धडधाकट माणसाच्याही ईईजीत क्वचित दोष दिसतो. म्हणून नुसता कागद पाहून कुणी गोळ्या सुरू केल्या तर दोनदा विचारा.

सीटी हा तातडीचा फोटो आहे: रक्तस्राव, मोठी गाठ, मार लागलेला. बारकाईने पाहायचं तर एमआरआय, तोही रेडिओलॉजिस्टला 'फिटसाठी' असं स्पष्ट लिहून पाठवलेला. बहिणीचं चित्र जर मी म्हणतो तसंच निघालं तर एमआरआयची घाई नाही. फोकल फिट असेल, किंवा वय पंचविशीच्या पुढचं असेल, तर तो टाळायचा नाही.

आपल्या भागात स्कॅनवर वारंवार दिसणारी गोष्ट म्हणजे कड्यासारखी एक छोटी गाठ. घरचे हादरतात, कॅन्सर समजतात. बहुतेकदा ती न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणजे डुकराच्या फीतकृमीची अळी असते, काही वेळा क्षयाची गाठ. लोक म्हणतात पत्ताकोबीतला किडा डोक्यात गेला. कोबीचा स्वतःचा काही दोष नाही. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि ती न धुतलेल्या हाताने, सांडपाण्यावर पिकवलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातही हा आजार होतो. उपचार फिटच्या गोळ्या, अल्बेंडाझोल आणि सोबत सूज कमी करणारं स्टेरॉइड. केमिस्टकडून अल्बेंडाझोल आणून मनानेच घेऊ नका. अळ्या एकदम मरायला लागल्या की मेंदूला सूज येऊन त्रास वाढतो, आणि डोळ्यात अळी असेल तर नजरही जाऊ शकते. गाठ पूर्ण विरघळली की गोळ्या बऱ्याचदा लवकर बंद करता येतात. कॅल्शियमचा ठिपका राहिला तर जास्त काळ चालतात.

विदर्भातली आणखी काही कारणं डोक्यात ठेवावी लागतात. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलाला फिट आली तर ती स्ट्रोकची पहिली खूण असू शकते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हातून आलेला माणूस बरळतो, अंग भट्टीसारखं तापतं आणि फिट येते. तो उष्माघात आहे, तिथे पॅरासिटामॉल चालत नाही, अंग थंड करणं हाच पहिला उपचार. शेतात फवारणी करून आलेल्याला फिट आली तर विषबाधा. साखरेची औषधं घेऊन उपाशी राहिलेल्याची रक्तातली साखर पाहायची. आणि श्रावण पाळायचा म्हणून रोजची दारू एका दिवसात बंद केलेले गृहस्थ. शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत त्यांना फिट येते. घरचे बिचारे म्हणतात, चांगलं काम करायला गेले अन् हे झालं. या सगळ्यांत मूळ कारण दुरुस्त करायचं असतं, वर्षानुवर्षं फिटची गोळी द्यायची नसते.

विनाकारण आलेली एकच फिट असेल आणि सगळं नॉर्मल असेल, तर बऱ्याचदा आम्ही गोळी सुरू न करता थांबतो. चोवीस तासांपेक्षा जास्त अंतराने अशा दोन फिट आल्या, किंवा एकच आली पण पुढची येण्याची शक्यता फार आहे असं तपासणीतून दिसलं, तर अपस्मार म्हणायचं आणि औषध सुरू करायचं. बहिणीच्या बाबतीत हिसडे धरले तर तिची ही 'पहिली' फिट नाहीच.

तिच्यासाठी कुठलं औषध? या प्रकारावर सगळ्यात हुकमी औषध व्हॅल्प्रोएट. पण 19 वर्षांच्या मुलीला मी ते पहिलं देणार नाही. गरोदरपणात ते सुरू असेल तर दहापैकी साधारण एका बाळात जन्मजात व्यंग येतं, आणि साधारण तिघांत एकाच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. वजन वाढतं, केस गळतात, पाळी बिघडते, ते वेगळंच. मी लेव्हेटिरासिटॅमने सुरुवात करेन. त्यात काहींची चिडचिड फार वाढते, उदास वाटतं. परीक्षेच्या दडपणातल्या मुलीत ते दिसलं तर 'अभ्यासामुळे असेल' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. लॅमोट्रिजिन हा दुसरा पर्याय, पण ते आठवड्या-आठवड्याने वाढवावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर लगेच थांबवून कळवायचं, आणि कधीकधी त्यानेही हिसडे वाढतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर गोड करून सांगत नाही. या एका प्रकारात फिट औषधाने बहुतेकांच्या पूर्ण थांबतात, पण गोळी बंद केली की पुष्कळांना परत येतात, दहा वर्षांनीसुद्धा. त्यामुळे लांबचा पल्ला धरून चाला, डोस मात्र अगदी कमी असू शकतो. इतर अनेक प्रकारांत दोन-तीन वर्षं फिट नसली की गोळ्या हळूहळू उतरवून बघता येतात. एकूण रुग्णांपैकी साधारण दोन-तृतीयांश लोकांच्या फिट औषधांनी आटोक्यात येतात. योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या डोसमध्ये देऊनही थांबल्या नाहीत, तर तिसरी-चौथी गोळी जोडत बसण्यापेक्षा शस्त्रक्रिया होऊ शकते का हे बघायला हवं. वर सांगितलेल्या संत्रीवाल्यासारख्या रुग्णांना त्याचा मोठा फायदा होतो, आणि त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रासारख्या ठिकाणी ही कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. तुमच्या बहिणीला शस्त्रक्रियेची गरज नाही आणि मुंबईचीही नाही. मेडिकलची म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची न्यूरॉलॉजी ओपीडी, मिहानचं एम्स किंवा धंतोली-रामदासपेठेतला कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट हे बघू शकतो. मामांना तसं सांगा.

आजींना दुखवू नका. अंगारा लावायचा तर लावू द्या, गोळी मात्र चुकू देऊ नका. मी घरच्यांना एवढंच सांगतो.

पुन्हा मोठी फिट आली तर काय करायचं हे होस्टेलमधल्या तिच्या मैत्रिणींना माहीत हवं, कारण त्या वेळी तुम्ही तिथे नसणार. घड्याळ पाहायचं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली ओढणी किंवा उशी, आजूबाजूची टोकदार वस्तू बाजूला. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. कांदा आणि चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती दीड-दोन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर 108 ला फोन. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. तिच्या वजनाप्रमाणे किती फवारे ते डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी स्प्रेलाच चिकटवा. आणि त्यातल्या एकीने व्हिडिओ काढावा. त्याचा राग मानू नका, मला तो स्कॅनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नीटच्या अभ्यासात रात्री दोनपर्यंत जागणं बंद. सात तास झोप हा तिच्या उपचाराचाच भाग आहे, गोळीइतकाच. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, फुटाळा तलावावर किंवा पोहायला एकटीने जायचं नाही, आणि फिट व हिसडे काही महिने पूर्ण थांबून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत ॲक्टिवा नाही. लग्नाचा विषय तुम्ही लिहिला नाहीत, पण निघेल. 1999 च्या दुरुस्तीने अपस्मार हा लग्नाला अडथळा मानणारा उल्लेख हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकलाय. तरी लपवू नका. लपवून लग्न झालेल्या मुली सासरी गोळ्या लपवता लपवता सोडून देतात आणि मग फिट घेऊन येतात. लग्न, मूल दोन्ही होतं. मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन औषध-डोस ठरवायचा आणि फॉलिक ॲसिड आधीपासून सुरू करायचं.

दाखवायला जाताना फेनिटॉइनचं रिकामं पाकीट, ईईजीचा मूळ कागद, हिसड्यांचा एखादा सकाळचा व्हिडिओ आणि पडली तेव्हा शेजारी असलेली मैत्रीण, एवढं घेऊन जा. मैत्रिणीला येता येत नसेल तर तिला फोनवर धरा.